चार्टर बोटीवर जाताना डर्बीचं तिकीट घ्यावं का? अलास्कातल्या अख्ख्या हंगामानंतरचा अनुभव

अँकरेजला राहायला आल्यापासून उन्हाळ्यात एखाददुसरी चार्टर व्हायचीच. या वर्षी मात्र मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत सुट्टी मिळेल तेव्हा आम्ही स्यूअर्ड, होमर नाहीतर व्हॅल्डीझ गाठलं, वेगवेगळ्या बोटींवर गेलो आणि जिथे डर्बी, म्हणजे मासेमारीची स्पर्धा, चालू होती तिथे बहुतेक वेळा तिचं तिकीटही काढलं. आता हंगाम संपलाय, फ्रीझर भरलाय. ओळखीतली बरीच मराठी मंडळी पुढच्या उन्हाळ्याच्या बेतात आहेत आणि प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला: चार्टरवर जाताना डर्बीत नाव घालायचं का? माझं उत्तर हो आहे. पण नाव स्वतःचं स्वतः घालायचं, बोट धक्का सोडायच्या आधी घालायचं, आणि डर्बी कुठल्या माशाची आहे ते बघून घालायचं.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगते. चार्टर म्हणजे कॅप्टनसकट भाड्याने घेतलेली बोट. लहान बोटींच्या कॅप्टनला कोस्ट गार्डच्या परवान्यावर सहाच प्रवासी नेता येतात. माणशी दिवसाचे तीन-चारशे डॉलर सहज जातात. रॉड, आमिष, डेकहँड (बोटीवरचा मदतनीस) सगळं त्यांचं, मासेमारीचा सरकारी परवाना तेवढा आपला. डर्बी हा वेगळा मामला. स्यूअर्डची सिल्व्हर सॅमन डर्बी तिथलं चेंबर ऑफ कॉमर्स भरवतं. १९५६ साली सुरू झालेली ही डर्बी ऑगस्टमध्ये रेझरेक्शन बे या खाडीत होते. व्हॅल्डीझला हॅलिबट या माशाची डर्बी जवळजवळ सगळा उन्हाळा चालते, सिल्व्हरची वेगळी असते, आणि ऑगस्टमध्ये एक दिवस फक्त बायकांची. तिकीट काढायचं आणि पकडलेला मासा अधिकृत काट्यावर अख्खा तोलायचा. सर्वांत वजनदार माशाला बक्षीस असतंच. काही डर्बींत आधीच टॅग लावून सोडलेला मासा गळाला लागला तर त्याचं बक्षीस वेगळं. चार्टरच्या भाड्यापुढे तिकिटाची किंमत किरकोळ आहे, त्यामुळे पैशांसाठी कुणी अडत नाही. अडतं ते दुसरीकडेच.

हंगामातला सगळ्यात वाईट प्रसंग धक्क्यावर पाहिला, आमच्या बोटीवरचा नव्हे. शेजारी लागलेल्या चार्टरवरून एक आजोबा आणि त्यांचा बारा-तेरा वर्षांचा नातू उतरले. पोराने धरलेला सिल्व्हर बघताक्षणीच वेगळा वाटत होता. इथले सिल्व्हर साधारण आठ ते बारा पौंडांचे असतात, हा खांद्यात चांगलाच रुंद होता. कुणीतरी म्हणालं, काट्यावर न्या. नेला. आकडा त्या दिवशीच्या फळ्यावर वरच्या नावांत बसेल असा निघाला. मग काट्यावरच्या बाईंनी तिकीट मागितलं, आणि आजोबांनी विचारलं, ‘कसलं तिकीट?’ डर्बी चालू आहे हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिकीट मासा धरायच्या आधी काढलेलं असावं लागतं, नंतर काढून चालत नाही. तो नियम योग्यच आहे, नाहीतर मासा बघून लोक तिकीट काढतील. पण त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. आजोबांनी त्या चार्टरच्या कार्यालयात विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की डर्बी आमची नाही, ते पाहुण्यांनी बघायचं. हे उत्तर मला अजिबात पटलेलं नाही. बाहेरगावचा माणूस सहा महिने आधी बुकिंग करतो, आदल्या रात्री उशिरा पोचतो, पहाटे बोटीवर चढतो. गावात काय चालू आहे हे त्याला कळणार कुठून? ते माहीत असतं कॅप्टनला आणि कार्यालयाला, आणि सांगायला लागतं एक वाक्य.

याच्या उलटही एक अनुभव आला. एका बोटीवर तिकीट भाड्यातच धरलेलं होतं आणि सगळ्यांची नावं परस्पर भरलेली होती. सोय म्हणून छान वाटलं, पण दुपारपर्यंत त्याचा त्रास दिसायला लागला. कॅप्टनचं लक्ष मोठ्या माशावर. जिथे बरे, मध्यम मासे पटापट लागत होते ती जागा सोडून आम्ही लांब गेलो आणि दीड तास नुसते झुलत बसलो. सहापैकी दोघांना बोट लागलेली. त्यांना घरी न्यायला चार मासे मिळाले असते तर पुरे होतं, बक्षिसाशी काही देणंघेणं नव्हतं. शिवाय आमच्यात न झालेलं एक बोलणं होतं: बक्षीस लागलंच तर ते कुणाचं? डेकहँडला भाड्याच्या पंधरा-वीस टक्के टिप देतात तो रिवाज वेगळा. बक्षिसातला वाटा हे आधी बोलून ठेवायचं प्रकरण आहे, धक्क्यावर मासा टांगलेला असताना काढायचा विषय नाही. आणि भारतातून आई-बाबा आले असतील तर हेही लक्षात ठेवा की अमेरिकेत बक्षीस करपात्र असतं, पाहुणा म्हणून आलेल्या परदेशी नागरिकाच्या बक्षिसातून साधारणपणे ३० टक्के आधीच कापले जातात.

आता इथल्या लोकांचा आक्षेप, कारण तो ऐकून घेण्यासारखा आहे. स्वतःची लहान बोट असलेली, वर्षानुवर्षं डर्बीत उतरणारी माणसं म्हणतात, चार्टरच्या पाहुण्याने केलं काय? जागा कॅप्टनने शोधली, आमिष डेकहँडने लावलं, खोली त्यांनी ठरवली. पाहुण्याने रीळ फिरवलं. ऑगस्टमध्ये बाबा गुहागरहून आले होते तेव्हा मला हे फार जवळून दिसलं. बाबांचा जन्म खाडीवर गरी टाकण्यात गेलाय. इथे बोटीवर त्यांच्या रॉडचं टोक दोनदा हललं आणि तिसऱ्यांदा वाकलं. बाबा थांबून अंदाज घेत होते, मासा नीट गिळतोय की नुसता चाखतोय. तेवढ्यात डेकहँडने झडप घालून रॉड होल्डरमधून उपसला, मागे झटका देऊन गळ रुतवला आणि बाबांच्या हातात देत ओरडला, ‘रील, सर, रील!’ बाबांनी मासा वर आणला, फोटोही काढला. संध्याकाळी मात्र म्हणाले, ‘अगं, मासा त्याने धरला. मी आपलं विहिरीचं पाणी शेंदल्यासारखं शेंदलं.’

जागतिक विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आयजीएफएचे नियम इथे बाबांच्या बाजूचे आहेत. मासा लागल्यापासून दुसऱ्या कुणाचा रॉडला हात लागला तर तो मासा विक्रमात धरत नाहीत. गावोगावच्या डर्बींचे नियम मात्र एकसारखे नसतात, ते आधी वाचावेत. आम्ही नंतर प्रत्येक बोटीवर चढतानाच सांगायला लागलो की रॉड आमच्या हातातच राहू दे, चुकलं तर चुकलं. एकाही डेकहँडने तोंड वाकडं केलं नाही. उलट एक जण खूश झाला आणि आमिषाची हेरिंग तिरकी कशी कापायची ते शिकवत बसला.

म्हणून पाहुण्यांना बाहेर ठेवा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिकिटं बाहेरून आलेले लोकही घेतात, बक्षिसाची रक्कम त्यातूनही फुगते. त्यांचे पैसे चालतात तर त्यांचा मासाही चालला पाहिजे. सर्वांत वजनदार माशासाठी चार्टर आणि खासगी बोट असे दोन गट केले आणि टॅगचं बक्षीस सगळ्यांना खुलं ठेवलं, तर भांडण बरंचसं मिटेल. टॅगचा मासा हे निव्वळ नशीब, त्यात कॅप्टनच्या वीस वर्षांच्या अनुभवाचा उपयोग नाही.

फसवणुकीबद्दलही बोलायला हवं. २०२२ मध्ये एरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत दोघांच्या माशांच्या पोटात शिशाचे गोळे सापडले, पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवासही झाला. चार्टरवर असं करणं अवघड. पाच अनोळखी पाहुणे, डेकहँड आणि कॅप्टन इतक्या डोळ्यांदेखत मासा वर येतो. पाहुण्याच्या माशावर संशय घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हॅलिबटच्या बाबतीत मात्र माझं मत हंगामात बदलत गेलं आणि आता पक्कं झालंय. हॅलिबट हा आपल्याकडच्या लेपासारखा चपटा मासा, पण आकाराने अवाढव्य. शंभर पौंडांच्या वरचे जवळजवळ सगळे हॅलिबट माद्या असतात. अडीचशे पौंडांची मादी चाळीस लाखांपर्यंत अंडी देऊ शकते. वजनाचं बक्षीस लावलं की नेमकी तीच मारली जाते. मोठ्या हॅलिबटचं मांस जाडंभरडं लागतं, वीस-तीस पौंडांच्या माशाची सर त्याला नाही. जूनमध्ये आमच्या बोटीवर एक मोठी मादी वर आली. पाण्याखालून आधी नुसता पांढरट पोटाचा पत्रा दिसला, मग ती उलटली आणि अख्खी बाजू काळपट हिरवी. ज्याच्या रॉडवर होती त्याने तिकीट काढलेलं, त्यामुळे सोडायचा प्रश्नच उरला नाही. तिकीट नसतं तर कॅप्टनने गळाजवळ दोरी कापायचा सल्ला दिला असता, असं तो नंतर स्वतःच म्हणाला.

त्यात नियमही सगळ्यांना सारखे नाहीत. हॅलिबटच्या मर्यादा दर वर्षी ठरतात. या भागात खासगी बोटीवरच्या माणसाला कुठल्याही आकाराचे दोन ठेवता येतात. चार्टरवर मात्र दुसऱ्या माशाला लांबीची मर्यादा असते, काही वर्षं ती २८ इंच होती, आणि आठवड्यातले काही वार चार्टरला हॅलिबट बंद. आग्नेय अलास्कात तर काही हंगामांत चार्टरच्या पाहुण्याला एकच मासा, तोही ४० इंचांपर्यंतचा किंवा ८० इंचांहून मोठा. मधल्या आकाराचा लागला की पाण्यात परत. अशा ठिकाणी वजनाच्या एकाच यादीत दोघांना बसवणं हा पाहुण्यावर अन्याय आहे. त्यामुळे हॅलिबटच्या वजनाच्या डर्बीचं तिकीट मी यापुढे घेणार नाही. सोडलेल्या माशावर सोडत काढणार असाल तर पहिलं तिकीट माझं.

सिल्व्हरसाठी मात्र जरूर घ्या. बुकिंग करतानाच तीन गोष्टी विचारा: त्या तारखेला डर्बी आहे का, तिकीट कोण काढणार, आणि मासा अख्खा काट्यापर्यंत नेणार की वाटेतच कापणार. बहुतेक बोटी मासा वर येताच कल्ले कापून रक्त काढतात. चवीसाठी ते हवंच, पण तेवढं वजन जातं, आणि सिल्व्हरच्या डर्बीत क्रमांक पौंडाच्या शंभराव्या भागावर ठरतो. स्पर्धेतला वाटणारा मासा बाजूला ओल्या गोणपाटात, बर्फावर ठेवायला सांगा, बाकीच्यांचं रक्त काढू द्या. प्रत्येक सिल्व्हर पेटीत जायच्या आधी पाठीवरच्या पराजवळ बोट फिरवून टॅग आहे का बघा. तिथे बारीकशी दोरी असते, घाईत डेकहँडच्या नजरेतून सुटते. सापडलाच तर टॅग उपटू नका, माशासकट काट्यावर न्या.

पुढच्या ऑगस्टसाठी आम्ही मैत्रिणींनी व्हॅल्डीझच्या बायकांच्या डर्बीचा बेत केलाय. बोट ठरली, कॅप्टनशी बोलणं झालं: तिकिटं आमची आम्ही काढणार, रॉड आमच्या हातात राहणार, बक्षीस लागलं तर डेकहँडला त्यातला दहावा हिस्सा. सहापैकी एक जागा अजून रिकामी आहे.