लोइही, स्पिनेकर की अकिडा? चिप निवडण्याआधी

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला न्यूरोमॉर्फिक चिप (मेंदूतल्या न्यूरॉनसारखी काम करणारी) हवी म्हणून मुलं येतात, तेव्हा मी आधी एकच विचारतो: तुमचा डेटा येतो कसा? सीसीटीव्हीसारख्या सेकंदाला तीस फ्रेम येणार आणि प्रत्येक फ्रेम तपासायचीच असेल, तर सरळ जेटसन बोर्ड (एनव्हिडियाचा छोटा एआय संगणक) घ्या. काही घडलं तरच जागं व्हायचं, यातच या चिपची खरी बचत आहे.

त्यातला न्यूरॉन म्हणजे गळकं मडकं समजा. वरून थेंब पडतात, खालून थोडं झिरपत राहतं. थेंब भराभर आले तर मडकं भरून सांडतं आणि रिकामं होतं. ते सांडणं म्हणजे स्पाइक. पुढच्या न्यूरॉनला तेवढाच निरोप जातो. थेंब रेंगाळले तर निरोप नाही आणि पुढचा विजेचा खर्चही नाही. इव्हेंट कॅमेरा फक्त उजेडातले बदल टिपतो. तो स्थिर ठेवून खोली पाहा: पंख्याची फिरती पाती दिसतात, भिंत आणि टेबल जवळजवळ गायब!

इंटेलची लोइही २ (२०२१) एका चिपवर १० लाखांपर्यंत न्यूरॉन बसवते आणि चिपवरच शिकते. शिकण्याच्या नियमांवर प्रयोग करायचे असतील तर मला हीच सर्वांत आवडते. पण ती दुकानात मिळत नाही. इंटेलच्या संशोधक गटात शिरावं लागतं, म्हणजे गाइड खंबीर हवेत. लाव्हा हे तिचं खुलं सॉफ्टवेअर मात्र साध्या लॅपटॉपवरही चालतं.

मँचेस्टरच्या स्टीव्ह फर्बर यांच्या स्पिनेकरमध्ये दर चिपला १८ एआरएम कोअर (छोटे प्रोसेसर) आहेत. पायएनएन या पायथन लायब्ररीत लिहिलेलं मॉडेल दुरून चालवता येतं. मेंदूचाच अभ्यास करायचा असेल तर हे घ्या, वीज वाचवून दाखवायची असेल तर नको.

ब्रेनचिपची अकिडा विकत मिळते. केरास या लायब्ररीत तयार केलेलं न्यूरल नेटवर्क बदलून तिच्यावर चढवता येतं, फक्त ती मानते तेच लेयर (नेटवर्कचे थर) वापरावे लागतात. तोंडी परीक्षेत टेबलावर चालती वस्तू दाखवायची असेल तर माझं मत हिलाच.

आयबीएमच्या ट्रूनॉर्थबद्दलही विचारणा होते, कारण तिचे प्रमुख धर्मेंद्र मोधा आयआयटी मुंबईचे. २०१४ मध्ये १० लाख न्यूरॉन सुमारे ७० मिलिवॉटमध्ये चालवून दाखवले, हे थोर काम. पण त्याच चमूनं २०२३ मध्ये आणलेल्या नॉर्थपोलमध्ये स्पाइक नाहीत, हेही लक्षात असू द्या.

खर्च करण्याआधी आयबीएमचा ११ हावभावांचा इव्हेंट कॅमेऱ्याचा डेटा घ्या, एसएनएन-टॉर्च या स्पाइकवाल्या नेटवर्कच्या लायब्ररीत छोटं नेटवर्क शिकवा आणि एका हावभावामागे किती स्पाइक पडतात ते मोजा. बहुतेक मडकी सारखीच सांडत असतील, तर जेटसन घ्या.