ब्लोअरचे मॉड्यूल बदलण्यापूर्वी मीटर लावणारे गॅरेज

आमच्या नऊ वर्षे जुन्या, ऑटोमॅटिक एसी असलेल्या गाडीचा ब्लोअर मार्चमध्ये अचानक ऐकेनासा झाला. वेग एकवर ठेवला तरी वारा पूर्ण जोरानेच येई, आणि एकदा तर किल्ली काढल्यावरही पंखा फिरत राहिल्यामुळे सकाळी बॅटरी उतरलेली आढळली. सर्व्हिस सेंटरने मोटरसह संपूर्ण ब्लोअर असेंब्ली बदलण्याचा अंदाज हाती दिला. मीटर मात्र कोणी लावला नव्हता. म्हणून नाशिकमधील, फक्त गाड्यांच्या एसीचे काम करणाऱ्या एका लहानशा गॅरेजमध्ये गेलो.

तेथील कारागिराने बॅटरीची ऋण तार सोडवली, ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि दोन स्क्रू काढून वेग नियंत्रित करणारे मॉड्यूल माझ्या हातावर ठेवले. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांवर धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता. हे मॉड्यूल ब्लोअरच्याच वाऱ्याने थंड राहावे म्हणून हवेच्या मार्गात बसवलेले असते. केबिन फिल्टर तुंबला की तो वारा कमी होतो आणि आतील ट्रान्झिस्टर तापत जातो. आमच्या गाडीतील लिनिअर प्रकारचे, म्हणजे काही व्होल्टेज स्वतःवर अडवून मोटरचा वेग कमी करणारे मॉड्यूल पूर्ण वेगाला फारसे तापत नाही, तर मधल्या वेगाला अधिक तापते, हे मला तेव्हाच समजले : 6 व्होल्ट मॉड्यूलवर अडले आणि 10 अँपिअर प्रवाह वाहत असला, तर 60 वॉट उष्णता त्या तळहाताएवढ्या तुकड्यातून बाहेर पडावी लागते. फिल्टर दोन वर्षे बदलला नव्हता, हा दोष अर्थातच माझा.

नवे मॉड्यूल लगेच न बसवता त्याने मोटर थेट बॅटरीवर चालवून क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजला, कारण बुश (आस ज्यात फिरतो ते कडे) झिजून जड फिरणारी मोटर जास्त प्रवाह ओढते आणि नवे मॉड्यूलही जाळू शकते. मोटर निर्दोष निघाली. तारा जोडणाऱ्या कप्लरची एक पिन मात्र काळवंडून सैल झाली होती, आणि अशा सैल जोडावर पुन्हा उष्णता साचणार हे ओळखून त्याने कप्लरही बदलला. लोकल आणि मूळ कंपनीचे अशी दोन्ही मॉड्यूल त्याने शेजारी ठेवून दाखवली. लोकलची पाती स्पष्टपणे लहान होती, त्यामुळे जवळजवळ दुप्पट किंमत देऊन मी मूळचे घेतले. तरीही नव्या फिल्टरसह सगळा खर्च सर्व्हिस सेंटरच्या अंदाजाच्या एक तृतीयांशाहून कमी झाला.

तक्रारी दोन आहेत. पक्के बिल दोनदा मागावे लागले आणि त्यावर मॉड्यूलचा पार्ट नंबर लिहिलेला नव्हता. शिवाय ग्लोव्ह बॉक्सची दोरी नीट अडकवली नसल्यामुळे तो पहिल्याच गतिरोधकावर बायकोच्या गुडघ्यांवर उघडला. एप्रिल-मेच्या उन्हात रोज वापरूनही ब्लोअरचे सर्व वेग सुरळीत चालत आहेत; दोरी मी घरीच अडकवली.