साडेसात हजारांत तीन बैठका: बीबीएच्या प्रवेशासाठी घेतलेल्या समुपदेशनाचा अनुभव

गुण द्यायचे तर पाचपैकी तीन. त्यातले अडीच एकट्या दुसऱ्या बैठकीचे.

मी नागपुरातल्या मस्कासाथ बाजारात एका ठोक किराणा दुकानात बावीस वर्षांपासून हिशेब लिहितो. २०२४ साली मोठी मुलगी कॉमर्स घेऊन बारावी झाली. पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठाचं बीबीएचं, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीचं, प्रवेशपत्र हातात आलं होतं. नागपुरातल्या एका कॉलेजचं बीबीए सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, मिळण्यासारखं होतं. आणि घराजवळच्या जुन्या कॉलेजात बी.कॉम. होतंच. पुण्याला पन्नास हजार भरायची शेवटची तारीख आठ दिवसांवर आलेली. त्याच वर्षापासून बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांची पहिल्यांदाच सीईटी झाली. त्यामुळे वर्ष-दोन वर्षं आधी प्रवेश घेतलेल्या ओळखीच्या मुलांनाही यातलं काही सांगता येईना. शेवटी मुलीच्या मैत्रिणीच्या वडिलांनी सुचवलं म्हणून लक्ष्मीनगरमधल्या एका समुपदेशन केंद्रात गेलो. नाव लिहीत नाही. तीन बैठकांचे साडेसात हजार आधीच घेतात.

पहिली बैठक वाया गेली. मुलीला संगणकावर चाळीस मिनिटांची कलचाचणी द्यायला लावली आणि बावीस पानांचा रंगीत अहवाल दिला. तिच्यात नेतृत्वगुण आहेत, असं त्यात होतं. मग संचालकांनी पुण्याचं माहितीपत्रक उघडलं. "काका, तारीख चुकवू नका, जागा गेली की गेली." मी सरळ विचारलं, या विद्यापीठाकडून तुम्हाला काही मिळतं का? "आमचं सगळ्यांशीच टायअप असतं," एवढं बोलून त्यांनी पान उलटलं.

ही गोष्ट मला फार लागली. आमच्या बाजारात दलाल असतो, आणि दलाली घेणं काही वाईट नाही. पण कोणाकडून किती घेतो हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. इथे प्रश्न एका मुलीच्या तीन वर्षांचा होता, आणि मी फी देऊनही तो माणूस कोणाच्या बाजूने बसला आहे ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या बैठकीला संचालक नव्हते. एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला. पुण्याची फी माहितीपत्रकात वर्षाला तीन लाख, म्हणून आम्ही घरी नऊ लाख धरून बसलो होतो. मॅडमनी खाली एकेक रकाना वाढवत नेला: वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाला एक लाख साठ हजार, लॅपटॉप, अनामत, सणाला येण्याजाण्याचं भाडं. बेरीज पंधरा लाखांच्या जवळ गेली. "आता कर्जाचं बघू," म्हणाल्या. साडेसात लाखांपर्यंत बँक साधारणपणे तारण मागत नाही, त्याच्या वर बहुतेक वेळा मागते. आमचं गांधीबागचं घर वडिलोपार्जित, तीन भावांच्या नावावर. तारण ठेवायला माझ्या एकट्याचं काहीच नाही. शिवाय हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होत असले तरी व्याज पहिला पैसा उचलल्यापासूनच चढतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, पण स्वतःच्या पोरीचा हा हिशेब मी पूर्ण मांडलाच नव्हता.

मग त्यांनी जात प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला मागितला. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या पुष्कळ खाली. त्यांनी जुलै २०२४ चा शासन निर्णय काढून दाखवला. ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट) यांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, उत्पन्नाची अट आठ लाखांची. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातली जागा चालत नाही, आणि खाजगी विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे पुण्याला एक रुपयाही सुटणार नव्हता आणि नागपुरात जवळजवळ सगळी फी सुटत होती. हे पहिल्या बैठकीत का सांगितलं नाही, हा माझा राग अजून गेलेला नाही.

पन्नास हजारांची भीतीही त्यांनीच घालवली. पत्रावर "परत मिळणार नाही" असं छापलं होतं. पण त्या वर्षी यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, परिपत्रक होतं: ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकीची परत. तरीही आम्ही भरले नाहीत, कारण भरायचे तर उसने आणावे लागले असते.

मुलगी एवढा वेळ गप्प होती. तिच्या दोन मैत्रिणी पुण्याला चालल्या होत्या आणि तिचंही मन तिकडेच होतं. मॅडमनी तिला विचारलं, "पुढे काय करायचंय?" ती म्हणाली, एमबीए. नागपुरात मिहानमधलं आयआयएम तिने बाहेरून पाहिलेलं आहे, तेव्हापासून डोक्यात तेच. "मग ऐक. आयआयएमची प्रवेश परीक्षा कॅट, ती द्यायला कोणत्याही शाखेची पदवी चालते, खुल्या गटाला आणि ओबीसीला ५० टक्के लागतात. तिथे बी.कॉम. झालेली मुलगी बीबीएवाल्याच्या शेजारीच बसते." पुण्याला नाही गेलो तर आपण मागे पडू, ही तिच्या मनातली गाठ त्या एका वाक्याने सुटली. घरी येताना मेट्रोत ती पहिल्यांदा मोकळं बोलली.

तिसरी बैठक कॅपचे पर्याय भरण्याची. पंचवीस मिनिटं, पण कामाची. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागतं, म्हणून एक नंबरला जे खरंच हवं तेच टाका, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

आता जे या केंद्रात मिळालं नाही त्याबद्दल. कॉलेज आतून कसं आहे, हे तिथे कोणीच सांगू शकलं नाही. ते आम्ही दोघांनी स्वतः पाहिलं. दुकानातून अर्धा दिवस सुटी घेतली आणि नागपुरातल्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तर्री पोहे घेऊन बसलो. शेवटच्या वर्षाच्या चार मुली शेजारी होत्या. मुलीने त्यांना विचारलं, इंटर्नशिप कुठे केली? एकीने बुटीबोरीच्या कारखान्यात खरेदी विभागात, एकीने सीएच्या ऑफिसात, दोघींनी केलीच नव्हती. वर्ग किती होतात, कोणते सर चांगलं शिकवतात, सगळं मोकळेपणाने सांगितलं. पुण्याच्या एका शेवटच्या वर्षाच्या मुलाशी फोनवर बोललो. तो म्हणाला, माहितीपत्रकातली पॅकेजची पानं एमबीएची आहेत, बीबीएची नाहीत. मी पुन्हा उघडून पाहिलं. खाली बारीक अक्षरात तसंच लिहिलं होतं.

नागपुरचंच बीबीए घेतलं. चितार ओळी चौकातून मेट्रो थेट जाते, मध्ये बदलावी लागत नाही. फीमाफीसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरताना नॉन-क्रिमीलेयर दाखल्याची (ओबीसी सवलतीसाठी लागतो तो) मुदत संपलेली निघाली, आणि सेतू केंद्राच्या तीन चकरा झाल्या. ज्यांच्या मुली बारावीत आहेत त्यांनी हा कागद आत्ताच काढून पाहावा.

दोन वर्षांनी धाकट्याची बारावी आहे. तेव्हा त्या मॅडम तिथे असतील तर जाईन, फक्त त्यांच्या एका बैठकीपुरता, आणि कलचाचणी नको म्हणून आधीच सांगेन.