जेन एअर रंगमंचावर: कादंबरी आवडत असेल तर बघाच

प्रेमाच्या जुन्या कादंबरीचं नाटक केलं की बहुतेक वेळा नुसती गोष्ट उरते आणि ती सांगणारीचा आवाज हरवतो. शार्लट ब्राँटेच्या जेन एअरचा तर सगळा जीवच त्या आवाजात आहे, जेन ही अनाथ मुलगी स्वतःची गोष्ट स्वतःच सांगते, १८४७ ची कादंबरी असूनही ती थेट आपल्याशी बोलते, मग हे स्टेजवर आणणार कसं? लंडनच्या नॅशनल थिएटरच्या २०१५ च्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग बघितलं आणि खरंच भारावून गेले.

दिग्दर्शिका सॅली कुकसनने निवेदक ठेवलाच नाहीये. जेनची घालमेल सुरू झाली की बाकीचे नट तिच्याभोवती गोळा होतात आणि तिच्याच मनातलं बोलायला लागतात, ती त्यांना उत्तरं देते, अडते, परत विचारते, म्हणजे स्वतःशीच चाललेलं भांडण आपल्याला डोळ्यांनी दिसतं! सेट म्हणजे फक्त लाकडी फळ्या, शिड्या आणि उतार, घोडागाडीचा प्रवास असला की सगळे जागच्या जागी धावतात. जेन ज्याच्या प्रेमात पडते त्या रोचेस्टरचा कुत्रा पायलट एका नटानेच केलाय आणि शाळेचा तो दुष्ट ब्रॉकलहर्स्टपण तोच, जबरदस्त काम.

पण मला सगळ्यात जास्त भिडली ती बर्था, रोचेस्टरची पहिली बायको. कादंबरीत ती माळ्यावर कोंडलेली, बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज येतो. इथे मात्र मेलनी मार्शल लाल कपड्यात आपल्यासमोर वावरते आणि गाते, त्यामुळे जेन आणि रोचेस्टरचं प्रेम फुलत असताना सुद्धा आपल्याला तिचा विसर पडत नाही. लग्नाच्या सीनला म्हणूनच पोटात गोळा येतो.

फेलिक्स हेजचा रोचेस्टर देखणा वगैरे नाही, खरखरीत आहे, पुस्तकात आहे तसाच, आणि त्या दोघांचं प्रेम बोलण्या-भांडण्यातूनच वाढतं. मॅडलिन वॉरलची जेन तर काय सांगू, लहानपणापासून शेवटपर्यंत तीच, मोठी होते तशी स्टेजवरच कपडे बदलत जाते.

खटकलं ते एकच. २०१४ ला ब्रिस्टलमध्ये हे दोन भागात होतं, इथे एका संध्याकाळीत साधारण तीन तासात बसवलंय आणि त्यात जेनला मागणी घालणाऱ्या पाद्री सेंट जॉनचा भाग फार पळवलाय. प्रेम नसलेलं लग्न जेन तिथे नाकारते, तिच्या रोचेस्टरकडे परत जाण्याला वजन त्यामुळेच येतं, तिथे अजून दहा मिनिटं तरी द्यायला हवी होती.

कादंबरी वाचली नसेल तरी चालेल, सगळं कळतं. फक्त एकेक नट बऱ्याच भूमिका करतो, त्यामुळे सुरुवातीला जरा लक्ष देऊन बघा आणि मोबाईल बाजूला ठेवून सलग बघा.