बोटीमागचा घरगुती स्विम प्लॅटफॉर्म: प्लायचा गाभा की फोमचा?

स्विम प्लॅटफॉर्म म्हणजे पाण्यातून बोटीवर चढायला-उतरायला मागे बसवलेली फळी, तिला शिडी जोडतात. तारकर्ली-देवबागकडे स्नॉर्कलिंगला नेतात तशी २२ फुटी फायबर बोट समोर धरू. मागे आउटबोर्ड इंजिन असल्यामुळे अखंड फळी बसत नाही, इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक तुकडा करावा लागतो. माप घेताना इंजिन पूर्ण वर उचलून डावी-उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा आणि ते जिथवर येतं तिथून निदान ५० मिमी जागा सोडा. अशा बोटीवर ६०० × ५०० मिमीचे दोन तुकडे सहसा बसतात. पुढचे आकडे याच मापाचे आहेत.

गाभा म्हणजे आतली फळी, तिच्यावर दोन्ही बाजूंनी काच (फायबरग्लासचे थर) रेझिनने चढवतात. गाभ्यासाठी दोन पर्याय खरे: १८ मिमी मरीन प्लाय (आयएस ७१० शिक्का पाहून घ्या), किंवा २० मिमी जाडीचा, घनमीटरला ८० किलोचा क्रॉसलिंक्ड पीव्हीसी फोम. किचनच्या कपाटांसाठी मिळतो तो पीव्हीसी बोर्ड म्हणजे हा फोम नव्हे. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाला रेझिन नीट धरत नाही. थर्माकोल तर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनने विरघळतोच.

फोम हलका म्हणून घ्यावा, असं बरेचजण सांगतात. दोन्ही तुकड्यांचा प्लाय साधारण सात किलो भरतो, फोम एक किलो. सहा किलोंनी बोटीची पिछाडी बसत नाही, तेव्हा एवढ्या मापाला वजनावरून निर्णय घेऊ नका. खरा फरक पाण्याचा आहे. प्लायमध्ये एका भोकातून ओल शिरली की ती थरांमधून पसरते आणि वरून काहीही न दिसता लाकूड कुजतं. फोमच्या पेशी बंद असतात, ओल जागच्या जागी राहते. पण फोम दाबाला कच्चा आहे. त्यातून बोल्ट आवळला की तो चेपतो आणि वरची काच खचते.

गाभा ठरला की रेझिनही ठरतं. पॉलिएस्टरची लाकडावरची पकड कमजोर. ऊन-पाण्यात लाकूड फुगतं-आकसतं, काचेचा थर सुटतो आणि त्याखाली पाणी फिरू लागतं. म्हणून प्लायवर इपॉक्सीच. त्यासोबत नेहमीची मॅट (काचेच्या तुकडे-धाग्यांची चादर) वापरू नका. मॅटचे धागे धरून ठेवणारा बाइंडर स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे मॅट ताठच राहते. चौरस मीटरला ६०० ग्रॅमचं, दोन दिशांच्या धाग्यांचं शिवलेलं बायअ‍ॅक्सियल कापड घ्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन थर. कडांसकट सुमारे १.८ किलो कापड आणि लाकडात मुरणारं, भोकांत भरायचं धरून ३ किलो इपॉक्सी लागेल.

फोमवर मात्र पॉलिएस्टर चांगलं चालतं. प्रत्येक बाजूला ४५० ची मॅट, ६०० चं वोव्हन रोव्हिंग (जाड विणीचं काचेचं कापड), पुन्हा ४५० ची मॅट. काच २.२ किलो, रेझिन साडेचार किलो. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) वेगळा मिळत असेल तर तो आधी सगळ्या रेझिनमध्ये ढवळून घ्या. हार्डनर १ ते २ टक्के, म्हणजे अर्ध्या किलोला ५ ते १० ग्रॅम, आणि तोही लागेल तेवढ्याच घाण्यात. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. शेवटच्या हातात मेणाचं द्रावण घातलं नाही तर पृष्ठभाग चिकटच राहतो. फोम महाग पण रेझिन स्वस्त, प्लाय स्वस्त पण इपॉक्सी महाग. खर्चातलं अंतर वाटतं तितकं उरत नाही.

दोन्ही प्रकारांत कडा १० मिमी गोलाव्याने घासाव्या लागतात. काच टोकदार कोपऱ्यावर वळत नाही, तिथे हवा अडकते आणि पहिला तडा तिथेच जातो. फोमच्या कडेला दोन थर जास्त द्या, धक्क्याला लागली की ती चेपते.

प्लॅटफॉर्म फळीच्या मधोमध क्वचित मोडतो, तो बोल्टपाशी जातो. ८० किलोची दोन माणसं ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपासून) ४५० मिमीवर उभी राहिली आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टांत २५० मिमी अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर मिळून सुमारे २९० किलोची ओढ येते. उडी मारली किंवा खालून लाट आपटली की ती दुप्पट-तिप्पट होते. म्हणून प्रत्येक तुकड्याला ३१६ स्टीलचे दोन त्रिकोणी ब्रॅकेट, १० मिमीचे आरपार बोल्ट, आणि ट्रान्समच्या आतून ८ मिमी जाड फायबरच्या पट्ट्या. नुसते वॉशर ट्रान्सममध्ये रुततात. आधी ट्रान्सम हातोडीने हलके ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर आतला प्लाय कुजलेला असू शकतो. तो दुरुस्त झाल्याशिवाय काही टांगू नका.

प्लायमधलं आणि ट्रान्सममधलं प्रत्येक भोक १६ मिमीचं पाडा, सिलिका मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर त्यात १०.५ मिमीचं भोक करा. मग बोल्ट लाकडाला शिवतच नाही. फोममध्ये बोल्टच्या जागी काच चढवण्याआधीच १०० × १०० मिमीचा तुकडा कापून तिथे घट्ट फायबरचा तुकडा बसवावा लागतो.

त्यामुळे आमचा कौल असा: शिडी आणि ब्रॅकेट नेमके कुठे येणार हे आज कागदावर काढता येत असेल तर फोम. पुढे शिडी सरकवायची, नवं हँडल लावायचं असं चालणार असेल तर प्लाय, कारण त्यात कुठेही भोक भरून घेता येतं. कौल देताना आमचं मन फोमकडे झुकतं, भाड्याच्या बोटीवर रोजची देखभाल चुकते म्हणून.

काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर मोकळी असते खरी, पण दमट हवेत प्लाय ओल धरतो आणि इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात चिकटत नाही.

फळीला १५-२० मिमी रुंदीच्या खाचा ठेवा, खालून आलेली लाट निसटून जाते. शिडीची तळची पायरी पाण्याखाली अर्ध्या मीटरहून जास्त हवी, नाहीतर दमलेल्या माणसाला पाय टेकता येत नाही. शिडी इंजिनापासून लांबच्या बाजूला लावा, आणि माणूस चढताना इंजिन बंदच असलं पाहिजे. बोल्टांना पॉलियुरेथेन सीलंट लावा, सिलिकॉन नको. पुढे आवळायची वेळ आली तर बाहेरचं डोकं पान्याने धरून फक्त आतला नट फिरवा. बोल्ट फिरला की सीलंट तुटतं.