शाळा व्यवस्थापन समिती: सदस्याच्या दोन वर्षांच्या सेवेचं परीक्षण

पाचपैकी तीन गुण. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांतली ही समिती कागदावर भक्कम आहे. प्रत्यक्षात तिची किंमत ठरते सदस्याच्या एका सवयीवर: सही करण्याआधी तो वाचतो का?

शहरांत पूर्वी पालिका शाळांचा कारभार पाहायला शिक्षण मंडळं असायची, 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाखाली. तिथलं सदस्यपद म्हणजे तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्याची सोय, असं उघडपणे बोललं जायचं. 2013 मध्ये राज्याने ती मोडीत काढायला घेतली. त्याआधीच, 1 एप्रिल 2010 पासून, शिक्षण हक्क कायदा लागू झाला होता आणि त्याच्या कलम 21 ने कारभाराची चावी पालकांच्या हातात दिली होती. महाराष्ट्रात समिती 12 ते 16 जणांची असते. त्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधलाच, मुख्याध्यापक सचिव, मुदत दोन वर्षं. उरलेल्या जागांवर स्थानिक लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली एखादी व्यक्ती. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. अल्पसंख्याक अनुदानित शाळांत समिती फक्त सल्ला देते.

घोळ निवडीपासूनच सुरू होतो. पालक सभेची सूचना मुलांच्या वहीत आदल्या दिवशी येते, मजुरीवर जाणारे पालक येत नाहीत आणि आलेल्या पंधरा-वीस जणांत सगळं ‘बिनविरोध’ होतं. महिला सदस्य यादीत असतात, पण बैठकीला त्यांचे यजमान येतात. अशा वेळी सहीच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते पाहावं. सूचना किमान आठवडाभर आधी फलकावर लागली आणि सभा संध्याकाळी ठेवली, तर चित्र बरंच बदलतं.

बैठक दर महिन्याला व्हायला हवी. खरी परीक्षा मात्र इतिवृत्ताची वही घेते. बारा महिन्यांच्या बारा बैठका एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि सगळ्या ठरावांत ‘सर्वानुमते मंजूर’ असेल, तर वही तपासणीच्या आदल्या रात्री लिहिली गेली असं खुशाल समजा. चांगला सदस्य दोन गोष्टी करतो: शेवटच्या ठरावाखाली लगेच आडवी रेघ मारून सही करतो, आणि पुढच्या बैठकीत पहिला विषय म्हणून मागच्या ठरावांचं काय झालं ते विचारतो. कोऱ्या पानावरची सही ही या पदावरची सर्वांत महागडी चूक. नंतर त्या पानावर काहीही उमटू शकतं आणि जबाबदार मात्र सही करणारा धरला जातो.

पैशांचा भाग समजायला वाटतो तितका अवघड नाही. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000, 1000 पर्यंत 75,000 आणि त्यापुढे एक लाख. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. हा नियम बहुतेक सदस्यांना ठाऊक नसतो, आणि शौचालयाचं दार वर्षभर कडीविना राहतं. अनुदान बऱ्याचदा उशिरा येतं आणि मार्चमध्ये खर्चाची घाई उडते. मग रंगरंगोटी होते, कारण तिचं बिल पटकन मिळतं. हे टाळायचं तर डिसेंबरमध्येच गरजांची क्रमवार यादी ठरावात घ्यावी, दरपत्रकं मागवून ठेवावीत आणि खर्चानंतर किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), पावती व साठा नोंदवही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहावीत. पावती आहे, पण साठ्यात वस्तू चढलेली नाही, हा सर्वांत नेहमीचा दोष. दरवेळी त्यामागे लबाडी असते असं नाही, नोंद करायचं राहूनही जातं. पण विचारल्याशिवाय ते कळत नाही.

गणवेशाचा अनुभव बोलका आहे. 2024-25 मध्ये राज्यभर एकाच पद्धतीने गणवेश पुरवायचा प्रयोग झाला, उशिराच्या आणि मापाच्या तक्रारींनी गाजला, आणि पुढच्या वर्षी काम पुन्हा समितीकडे आलं. दोन गणवेशांसाठी मुलामागे 600 रुपये मिळतात. एवढ्यात चांगलं कापड बसवायचं तर कसरत आहेच. माप प्रत्येक मुलाचं घ्यावं, इयत्तेनुसार सरासरी धरू नये. शिलाईत दुमड जास्त ठेवायला सांगावी आणि शेवटचा हप्ता माप बदलून मिळेपर्यंत हातात ठेवावा.

पोषण आहारात सदस्याला तराजू पुरतो. पहिली ते पाचवीत मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीत हेच प्रमाण 150, 30, 75 आणि साडेसात ग्रॅम. म्हणजे प्राथमिकची 48 मुलं हजर असतील तर 4 किलो 800 ग्रॅम तांदूळ आणि 960 ग्रॅम डाळ निघायला हवी. वरण पातळ दिसलं की स्वयंपाकी ताईंवर खेकसणं सोपं असतं, पण त्यांच्या हातात डाळ किती मोजून दिली ते आधी पाहावं. हजेरीपटावरचा आकडा आणि आहार नोंदवहीतला लाभार्थ्यांचा आकडा रोज जुळला पाहिजे. महिन्यातून एकदा न सांगता जाऊन ताटं मोजली तरी पुरे.

शाळा विकास आराखडा हे कायद्याने दिलेलं सर्वांत मोठं हत्यार, आणि तेच सर्वांत गंजलेलं. तो तीन वर्षांचा असतो, त्यात वर्षवार उपआराखडे असतात. पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक, खोल्या-सोयी आणि त्यासाठीची रक्कम त्यात यायला हवी. बऱ्याच शाळांत शेजारच्या शाळेचा आराखडा नाव बदलून उतरवलेला असतो. प्रत्यक्षात तो इतका नेमका हवा: ‘60 पटाला दोन शिक्षक, 61 झाले की तीन’ हे कायद्याच्या अनुसूचीतलं प्रमाण, येत्या जूनमध्ये अंगणवाडीतून किती मुलं येणार ती संख्या, आधार पडताळणी अडकलेल्या मुलांची नावं. ही शेवटची यादी मोलाची, कारण संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदं मंजूर होण्याच्या, वेळी अशी मुलं आकड्यातून गळण्याची भीती असते आणि त्यासोबत शिक्षकाची जागाही.

आता त्रुटी. समितीला शिक्षा करण्याचा अधिकार नाही. शिक्षक वारंवार उशिरा येत असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 खालचं वेळेवर हजर राहण्याचं कर्तव्य दाखवून ठराव करता येतो आणि तो केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो, एवढंच. ठरावाची पोचपावती घेतली नाही तर तो तिथेच विरतो. कलम 32 मात्र कामाचं आहे: बालकाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निकाली काढायची असते आणि त्यावर बालहक्क आयोगाकडे अपील जातं. तोंडी तक्रारीला यातलं काहीच लागू नाही. दुसरी त्रुटी प्रशिक्षणाची. पुस्तिका वाटली जाते, पण किर्द कशी वाचायची ते कोणी शिकवत नाही.

अध्यक्षाला दुसऱ्यांदा संधी द्यायची का, हे ठरवताना स्वातंत्र्यदिनाच्या भाषणाकडे पाहू नये. इतिवृत्ताची वही, किर्द आणि आहार नोंदवही पालक सभेत टेबलावर मागाव्यात. वह्या कपाटात आहेत आणि किल्ली सापडत नाही असं उत्तर आलं, तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो.