फाइलटाइप्समॅन: बाबांच्या डीटीपीच्या मशीनवर आठ महिने

फाइलटाइप्समॅन हे कुठली फाइल कुठल्या प्रोग्रामने उघडते ते दाखवणारं आणि बदलू देणारं छोटं सॉफ्टवेअर. त्याची गरज कशी पडली ते आधी सांगतो. गेल्या गणपतीत कराडला घरी गेलो, तर बाबा कॉम्प्युटरसमोर हात बांधून बसलेले. डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन नोटपॅडचे झाले होते. पेजमेकरवर, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर, डबल क्लिक केलं की नोटपॅड उघडायचं. त्यात पहिलं अक्षर इंग्रजी ‘एल’ आणि पुढे चौकोन, ठिपके, तुटक खुणा. मराठी टायपिंगच्या श्रीलिपीचं तेच, कॅल्क्युलेटरचंही तेच. "अरे, कशावरही क्लिक केलं तरी ही एकच वही उघडतेय," बाबा म्हणाले. रिपेअरवाल्याला फोन करून झाला होता. त्याचं उत्तर होतं, फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल.

फॉरमॅटला मी ठामपणे नकार दिला. बाबांनी तीस वर्षं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर मांडायचं काम केलं. या विंडोज सेव्हनच्या मशीनवर पेजमेकर सात आहे, डोंगलवर (मशीनला जोडायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारी जुनी श्रीलिपी आहे आणि शेकडो लग्नपत्रिका, वाचनालयाचे अहवाल आहेत. फाइली कॉपी करून ठेवता येतात, पण हा सगळा संसार पुन्हा जसाच्या तसा मांडणं सोपं नाही. सीडींवर ओरखडे आहेत, आणि जुने फॉन्ट नेमके त्याच आवृत्तीचे मिळाले नाहीत तर मजकुराचा पार बट्ट्याबोळ होतो.

झालं होतं एवढंच: भाच्याने एका बंद पडलेल्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून नोटपॅड निवडलं आणि ‘नेहमी याच प्रोग्रामने उघडा’ची खूण तशीच राहू दिली. डेस्कटॉपवरचा प्रत्येक शॉर्टकट ही डॉट एलएनके नावाची छोटी फाइल असते. एक्स्टेन्शन (फाइलच्या नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग) दाखवण्याची सोय चालू केली तरी तिचं एक्स्टेन्शन दिसत नाही, कारण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, तिच्यापुरतं ‘कधीच दाखवू नये’ असं लिहिलेलं असतं. त्यामुळे भाच्याला वाटलं आपण एका फाइलचं ठरवतोय. प्रत्यक्षात ते सगळ्या शॉर्टकटचं ठरलं. नोटपॅडमधला तो ‘एल’ म्हणजे शॉर्टकट फाइलचा पहिला बाइट.

प्रोग्राम स्वतः शाबूत होते. विंडोज की आणि आर दाबून नाव टाइप केलं की कॅल्क्युलेटर उघडत होता. म्हणजे डॉट ईएक्सईला, अर्थात मूळ प्रोग्रामच्या फाइलींना, धक्का नव्हता, फक्त शॉर्टकटची ओळख हरवली होती. मग बाबांच्या मशीनवर नवीन यूजर अकाउंट काढून पाहिलं. तिथे सगळे आयकॉन व्यवस्थित! बाबांचा चेहरा तिथेच खुलला. बिघाड फक्त त्यांच्या अकाउंटच्या नोंदींत होता, विंडोज धडधाकट होतं. असोसिएशन, म्हणजे फाइल आणि प्रोग्रामची जोडी, बिघडलं की मी आता सगळ्यात आधी हेच करतो. पाच मिनिटं लागतात आणि फॉरमॅटचा विषयच संपतो.

आता फाइलटाइप्समॅनबद्दल. एक्सपीमध्ये फोल्डर ऑप्शन्सच्या खिडकीत ‘फाइल टाइप्स’ नावाचा टॅब असायचा. कुठलं एक्स्टेन्शन कुठल्या प्रोग्रामकडे जातं, ते तिथे दिसायचं आणि बदलताही यायचं. व्हिस्टापासून तो टॅब गेला. त्याची जागा भरून काढणारं हे निरसॉफ्टचं छोटं सॉफ्टवेअर. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडून पेनड्राइव्हवरूनही चालतं. आमच्यासाठी हे फार मोलाचं, कारण विंडोज सेव्हनचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला आणि बाबांचं मशीन मी तेव्हापासून नेटपासून तोडूनच ठेवलंय.

वरच्या भागात सगळी एक्स्टेन्शन, खालच्या भागात निवडलेल्या एक्स्टेन्शनच्या क्रिया: ओपन, प्रिंट, एडिट आणि प्रत्येकीची पूर्ण कमांड. एवढं एका नजरेत दिसणं हाच याचा खरा उपयोग.

पण गणपतीतली दुरुस्ती याने झाली नाही, हे स्पष्ट सांगतो. यात डॉट एलएनकेची मूळ नोंद बरोबर दिसत होती: टाइप ‘एलएनकेफाइल’. कमांड प्रॉम्प्ट या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत एक्स्टेन्शनचा टाइप दाखवणारी असॉक कमांडही तेच सांगत होती. मूळ नोंद ठीक आणि तरी बिघाड आहे, म्हणजे यूजरची निवड आड येतेय, असा अर्थ निघतो. ती निवड रजिस्ट्रीत वेगळ्या जागी असते: एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स, त्यात डॉट एलएनके आणि त्याच्या आत ‘यूजरचॉइस’. त्यात नोटपॅडचं नाव लख्ख दिसलं. आधी ती की (रजिस्ट्रीतला तो कप्पा) एक्सपोर्ट करून, म्हणजे तिची प्रत फाइलमध्ये काढून ठेवली, मग फक्त यूजरचॉइस डिलीट केलं, लॉग ऑफ करून परत आत आलो. सगळे आयकॉन जागेवर. बाबांनी लगेच पेजमेकर उघडून पाहिलं आणि तो पूर्ण मार्ग आपल्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला.

फाइलटाइप्समॅन खऱ्या अर्थाने कामी आलं डिसेंबरमध्ये. पेजमेकरच्या काही फाइली डबल क्लिकने उघडेनात, काही मात्र उघडत होत्या. रोमन अक्षरांत ‘पाटील पत्रिका’ असं नाव दिलेली फाइल उघडायला गेलं की ‘पाटील’ नावाची फाइल सापडत नाही असा संदेश. बाबा म्हणाले, "पूर्ण नाव वाचतच नाही बघ." तेवढ्यावरून अंदाज आला. पेजमेकर फाइलींच्या डॉट पीएमडी या एक्स्टेन्शनची ओपन क्रिया उघडून पाहिली, तर कमांडच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि एकचा आकडा ही खूण होती, पण तिच्या दोन्ही बाजूंची अवतरणचिन्हं नव्हती. त्या खुणेच्या जागी विंडोज फाइलचा पूर्ण पत्ता भरतं. अवतरणचिन्हं नसली की नावातल्या पहिल्या मोकळ्या जागेवर पत्ता तुटतो. पूर्वी पेजमेकर डी ड्राइव्हवर हलवलं तेव्हा ही कमांड मीच हाताने लिहिली होती. क्रिया एडिट केली, अवतरणचिन्हं घातली, ओके. पुढच्याच क्लिकला पत्रिका उघडली. रजिस्ट्रीत हे शोधायला मला अर्धा तास लागला असता.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. यादी फार लांब आहे आणि नवख्याला घाबरवते. केलेला बदल मागे घ्यायची सोय मला सापडली नाही, म्हणून हात लावण्याआधी त्या एक्स्टेन्शनची रजिस्ट्री की एक्सपोर्ट करायचा नियमच घातलाय. शॉर्टकटवरचा बाण घालवण्यासाठी ‘इजशॉर्टकट’ ही नोंद काढायचा सल्ला बरेच जण देतात; कृपा करून ते करू नका, टास्कबारवर पिन करणं बिघडतं. रजिस्ट्री बदलणारी तयार डॉट रेग फाइल मिळाली तर ती थेट चालवू नका. राइट क्लिक करून एडिट करा, नोटपॅडमध्ये वाचा आणि ती तुमच्याच विंडोजसाठी आहे का ते बघा.

डॉट ईएक्सईच बिघडलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा हे सॉफ्टवेअरही उघडणार नाही, कारण तेही ईएक्सईच. अशा वेळी विंडोज सेव्हनवर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि फाइल मेनूतल्या ‘न्यू टास्क’वर कंट्रोल दाबून धरून क्लिक करा. सरळ कमांड प्रॉम्प्ट उघडतो, तिथून दुरुस्ती सुरू करता येते. आमच्याकडे ती वेळ आलेली नाही, पण वहीत हेही लिहून ठेवलंय.

माझ्या स्वतःच्या विंडोज अकराच्या लॅपटॉपवर मी हे फक्त बघण्यापुरतं वापरतो. विंडोज आठपासून यूजरचॉइसमध्ये प्रोग्रामच्या नावासोबत एक हॅश, म्हणजे पडताळणीचा सांकेतिक शिक्का, असतो. नाव हाताने बदललं तर हॅश जुळत नाही आणि विंडोज ती निवड मानत नाही. 2024 मध्ये पीडीएफ आणि वेबच्या दुव्यांच्या नोंदींवर तर वेगळा राखणदार ड्रायव्हरच बसला. तिथे सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स हाच रस्ता. तुमच्याकडे नवीन मशीन असेल आणि फक्त पीडीएफ भलतीकडे उघडत असेल, तर फाइलटाइप्समॅन उतरवायची गरज नाही. जुनं मशीन आणि जुनी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याने मात्र ते पेनड्राइव्हवर ठेवावंच.

आता लग्नसराई आहे, मशीन रोज सुरू असतं. डी ड्राइव्हवर ‘दुरुस्ती’ नावाचं फोल्डर आहे, त्यात हे सॉफ्टवेअर आणि तारीख घालून ठेवलेल्या एक्सपोर्ट. भाच्यासाठी वेगळं अकाउंट काढलंय. गेल्या आठवड्यात बाबांचा फोन आला: नवरामुलाचे फोटो डबल क्लिक केल्यावर पेंटमध्ये उघडायला लागले होते. मी काही सांगायच्या आत म्हणाले, "झालं ते. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘ओपन्स विथ’च्या पुढचं ‘चेंज’. तुझं ते सॉफ्टवेअर काढावंच लागलं नाही. तू फक्त प्रूफ वाचून दे, मुहूर्ताच्या ओळीत वेलांटी बघ."